अनुजाची ओटी

शिवाजी पेठ, कोल्हापूर
१२ मे २०२४

अक्का,

वर मायना काय घालावा ते सुचेना, म्हणून नुसतं अक्का लिहिलं. लग्न होऊन आले तेव्हापासून थोरल्या जावेला मी हीच हाक मारत आले. बोलणं बंद झालं म्हणून हाक बदलत नाही.

फोन केला असता. पण फोनवर आधी तुमचा आवाज चढतो, मग माझा चढतो. पत्रात मधे कोणी बोलत नाही.

काम असं आहे. यशराज येतोय डॅलसहून, अनुजाला आणि राजनंदिनीला घेऊन. तिकडे शाळांना सुट्टी लागली की निघणार. हे गेले तेव्हा तो एकटाच धावत आला होता आणि तसाच परत गेला. अनुजा आणि पोरगी त्यानंतर पहिल्यांदाच या घरात पाय ठेवतील. चौदा जूनला सकाळी परत निघायचं आहे. निघताना अनुजाची ओटी भरायला पाहिजे, आणि ती मी भरायची नाही हे तुम्हाला सांगायला नको.

खालच्या मजल्यावरच्या अरुणावहिनी आपणहून म्हणाल्या, "मी भरते की, त्यात काय." चांगल्या आहेत त्या. पण ओटी घरच्या बाईनं भरावी. माझी पहिली ओटी सासूबाईंनी भरली तेव्हा सूप तुम्ही धरलं होतं, आणि हसवून हसवून माझा पदर चार वेळा सोडायला लावला होता. आता घरातली थोरली सवाष्ण तुम्हीच.

मी माघार घेतली असं मात्र समजू नका. तुमच्या राजवीरच्या हळदीला मी वाटी हातात घेऊन उभी होते आणि तुम्ही सगळ्या भावकीसमोर म्हणालात, "शालन, तू जरा आत बस की." त्याला लहानपणी न्हाऊ-माखू घातलं ते याच हातांनी. त्या दिवशी न जेवता मी एस.टी. धरली, ती परत मुरगूडला आले नाही. यांच्या दहाव्याला तुम्ही माझा हात धरून ठेवलात आणि भावकीतल्या बयाबाईंनी दगडानं बांगड्या फोडल्या, तेही मी सोसलं होतं. काच मनगटात घुसली त्याची खूण अजून आहे. पण तेव्हा मला काही कळतच नव्हतं. हळदीला सगळं कळत होतं.

असो. पहिली गाडी धरलीत तर वेळेत पोचाल. भाऊजींची तब्येत कशी आहे? पायाची सूज उतरली का?

शालन


शिवाजी पेठ
३१ मे

अक्का,

उत्तर आलं नाही. तुम्हाला लिहायचा कंटाळा, माहीत आहे. मी वाचनालयाचं पुस्तक घेऊन बसले की तुम्ही म्हणायचात, "वकील व्हनार हाईस काय?" चौथीत शाळा सुटलेल्या बाईनं वाचायचं म्हणजे तुम्हाला हसू यायचं. वकील झाले नाही. पण यांच्यामागं या घरात माझ्याशी बोलायला पुस्तकंच होती.

सगळी सुखरूप आली. यशराजच्या कानाजवळचे केस पिकलेत. दारातच पाया पडला आणि म्हणाला, "आई, तू बारीक झालीस." मी म्हणाले, "तू पण." तेवढ्यात बॅगा आत आल्या आणि खोलीत पाय ठेवायला जागा उरली नाही.

मी तांबडा-पांढरा दोन्ही रस्से करून ठेवले होते. पोरीसाठी बिनतिखटाचं वेगळं. तिनं ताटाकडे बघितलं आणि झोपली. तिकडं रात्र होती म्हणे. यशराजही जेवता जेवता पेंगला. ज्या वेळी मी उठून चहा ठेवते त्या वेळी ते झोपतात, आणि मी अंथरूण घातलं की त्यांना भूक लागते.

दुसऱ्या दिवसापासून मित्र यायला लागले. उदयसिंह आला तो जिन्यातूनच ओरडत. "काय मावशी, तिकडं पोराला उपाशी ठेवत्यात काय? पार सुतळी झालाय की!" यशराज म्हणाला, "गप रं, तुझं पोट बघ आधी. आरशात तरी मावतोस काय?" मला इतकं बरं वाटलं. मित्रांशी बोलताना त्याचं सगळं बोलणं परत येतं. माझ्याशी बोलताना तो आवाज खाली आणतो, दवाखान्यात पेशंटशी बोलावं तसा.

मग मिसळ, मग पन्हाळा, मग रंकाळा. "आई, जेवायला थांबू नको," असा फोन येतो. मी थांबत नाही. झाकून ठेवते आणि सकाळी मीच खाते.

वर्षभर मी बोलायचं साठवलं होतं. यशराजला हे सांगायचं, ते विचारायचं. आता तो समोर बसला की एकही गोष्ट आठवत नाही. मी विचारते, "चहा घेतोस?" तो म्हणतो, "नको." मग तो फोन बघतो आणि मी त्याला बघते.

राजनंदिनीनं मात्र काल विचारलं, "आजी, तू दिवसभर काय करतेस?"

"वाचते."

"आणि मग?"

म्हटलं, चल. तिला कट्ट्यावर नेलं, म्हशीचं दूध समोर काढून देतात तिथं. ती माझ्या मागं लपली. पेला हातात दिल्यावर आधी वास घेतला, मग सगळा प्यायली. ओठावर फेसाची मिशी. म्हणाली, "गरम आहे! मशिन कुठाय?" म्हैसवाला हसून म्हणाला, "हीच की मशिन, पावणं. वैरण घातली की चालू व्हतीया." त्या एका संध्याकाळी ती माझी होती.

उद्या ते पुण्याला अनुजाच्या माहेरी जातील, तिथून गोव्याला. नऊ तारखेला परत. खोलीतल्या बॅगा ठेवून चाललेत, तेवढंच.

येणार आहात ना? दोन शब्द कळवा.

शालन


शिवाजी पेठ
१२ जून

अक्का,

काल यशराज तुमच्याकडे येऊन गेला. मी मुद्दाम सांगितलं नव्हतं, तोच म्हणाला, "काका-काकींना भेटून येतो." दुपारी गेला, दिवे लागायच्या आत आला.

मी विचारलं, "काकी काय म्हणाली? येते का?"

"बघते म्हणाली."

"भाऊजी?"

"आहेत." आणि आंघोळीला गेला.

त्याच्या हातात काही नव्हतं. अक्का, मुरगूडहून कोणी कधी रिकाम्या हातानं आलंय? आपलं बोलणं बंद झालं त्याच्या आदल्या महिन्यापर्यंत तुमच्याकडून काकवी येत होती, भुईमुगाच्या शेंगा येत होत्या. यशराज लहानपणी सुट्टीला यायचा तेव्हा तुम्ही त्याच्या खिशात गूळ कोंबून पाठवायचात आणि चड्डीला मुंग्या लागायच्या. इतक्या वर्षांनी पोर दारात आलं आणि तुम्ही त्याच्या हातावर काही ठेवलं नाहीत. राग माझ्यावर आहे ना, मग त्याच्यावर कशाला काढता?

तरी "बघते" म्हणालात, म्हणजे याल असं मी धरून चालले आहे. सूप काढून पुसून ठेवलंय. तांदूळ, नारळ, हळकुंड, सुपारी, हिरव्या बांगड्या, सगळं आणलं. खण इरकली घेतला, अनुजाला आवडेलसा.

आणखी एक सांगायचं होतं. अनुजा सकाळी माझ्यामागं स्वयंपाकघरात आली. म्हणाली, "आई, तुम्हीच भरा ना माझी ओटी. काकी येवोत न येवोत. मला तुमच्या हातची हवी आहे."

चांगली पोर आहे. मनापासून म्हणाली. मी कणीक मळत राहिले.

तुम्हाला म्हणून सांगते, कारण दुसऱ्या कोणाला हे समजणार नाही. हेरवाडच्या ग्रामपंचायतीनं ठराव केला, विधवांचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, ती बातमी वाचली तेव्हा मी टाळ्या वाजवल्या होत्या. घरात एकटीच होते. मला सगळं पटतं. कोणी वाद घालायला आलं तर मी दोन तास बोलेन. पण अनुजा समोर उभी राहिली आणि मी मनातल्या मनात कुंकवाला बोट लावून बघितलं, तर बोट पुढं जाईना. मनात एकच आलं, उद्या यशराजला काही झालं तर? इतक्या लांब असतो. रोज गाडी चालवतो. माझ्या बोटामुळे काही झालं असं मला वाटत राहिलं तर ते घेऊन मी कुठं जाऊ?

म्हणून म्हटलं, "काकी येणार आहे, तीच भरेल."

परवा सकाळी, अक्का. उशीर करू नका.

शालन


शिवाजी पेठ
१४ जून

अक्का,

तुम्ही आला नाहीत.

गाडी खाली उभी होती. उदयसिंह बॅगा उतरवत होता. अरुणावहिनी न्हाऊन, नवं लुगडं नेसून दारात उभ्या. मला म्हणाल्या, "अहो, मी भरते की, पाच मिनिटांचं काम." मी म्हणाले, "जाऊ यायची आहे." यशराज म्हणाला, "आई, नको वाट बघू. निघतो आम्ही." मी म्हणाले, "मुरगूडची दुसरी गाडी आता येईल." तो माझ्याकडे बघून वळला. खाली जाऊन गाडीच्या काचा पुसायला लागला. पुसलेल्याच काचा.

अनुजा पदर पसरायला साडी नेसली होती. विमानात साडी कोण नेसतं? ती नेसली होती. उभी राहिली, बसली, परत उभी राहिली. शेवटी खालून हॉर्न वाजला. तिनं मला मिठी मारली आणि म्हणाली, "राहू दे आई. पुढच्या वेळी." तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मला वाटलं होतं या पोरींना असल्या गोष्टींचं काही नसतं.

माझी सून रिकामा पदर घेऊन माझ्या घरातून गेली. तुमची वाट बघत मी ना शेजारणीला भरू दिली, ना स्वतः भरली.

घरात आवाज नाही. बाथरूममध्ये पोरीचा साबण राहिलाय, त्याला कसल्यातरी फळाचा वास येतो. दोरीवर माझं एकटीचं पातळ आहे. सूप तसंच भरलेलं आहे, कुठं ठेवू कळत नाही.

तुम्ही जिंकलात, अक्का. यापुढे मी लिहिणार नाही.

शालन


शिवाजी पेठ
२१ जून

अक्का,

मागचं पत्र मिळालं असेल तर फाडून टाका. मिळालं नसेल तर राजवीरला सांगा, न उघडता चुलीत घाल. पहिलं सोडून मागची सगळी पत्रं मुरगूडच्या घरात बंद दाराआड पडून राहिली असतील, आणि तुम्ही इथं होतात. माझ्या घरापासून रिक्षानं दहा मिनिटांवर.

यशराजनं डॅलसला पोचल्यावर फोन केला. म्हणाला, "आई, आता सांगतो. काकीनं शपथ घातली होती." तो मुरगूडला गेलाच नव्हता. राजवीरचा फोन आला म्हणून तो इथल्याच दवाखान्यात गेला होता. भाऊजींच्या दोन्ही किडन्या बंद पडल्या आणि जूनच्या सुरुवातीलाच त्यांना आणलंय, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मलाच नव्हतं.

तो म्हणाला, "काकी मला म्हणाली, माझ्या कपाळाचा आता भरवसा न्हाय बाबा. असल्या हातानं मी अनुजाची ओटी कशी भरू? वर त्यापायी तुला काय झालं तर तुझ्या आईला तोंड कसं दावू? तिला यातलं काय बोलू नगंस. चार दिवस पोरं घरात हाईत, तिला हसू दे."

अक्का, तुमचा हात त्याच भीतीनं थांबला. ज्या पोरासाठी माझं बोट पुढं जाईना, त्याच पोरासाठी. आणि मी तुम्हाला काय काय लिहून बसले.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात आले होते. तुम्ही बाहेरच्या बाकड्यावर बसल्या बसल्या झोपला होतात, भिंतीला डोकं टेकून. तोंड उघडं. इतक्या वाळलात की आधी ओळखलंच नाही. मांडीवर पिशवी, तिच्यावर दोन्ही हात. पिशवीतून खणाची घडी बाहेर आली होती. हिरवी, इरकली. आणि तिच्याखाली माझ्या अक्षरातलं पाकीट, पहिल्या पत्राचं.

म्हणजे तुम्ही येणार होतात. खणसुद्धा माझ्यासारखाच घेतलात.

मी उठवलं नाही. उठवून काय म्हणणार होते? "बाकड्यावर डबा कुणी ठिवला," म्हणून तुम्ही नर्सला विचारत होतात असं राजवीर नंतर फोनवर सांगत होता. मी ठेवला. मेथीची भाजी होती, तुम्हाला आवडते तशी, डाळ घालून. दुसऱ्या दिवशी परत आले तर कॉट रिकामी. घरी न्यायला सांगितलं म्हणाले.

आज गल्लीतल्या बायका वडाला गेल्या. अरुणावहिनींकडे ही पूजा नसते, त्या आणि मी दोघीच इमारतीत राहिलो. तुमचा उपास असेल. दूध तरी घ्या.

मी मुरगूडला येऊ का? तुम्ही सांगाल तसं. आत बस म्हणालात तर आत बसेन.

शालन


शिवाजी पेठ
३० जून

अक्का,

टपालानं हे वेळेत पोचणार नाही, म्हणून तुमच्या गावाहून दूध घेऊन येणाऱ्या जोतीरामच्या हातात देते आहे. तुमच्याच हातात दे, असं बजावलंय.

भाऊजी गेले त्या दिवशी मी आले होते. तुम्ही मला बघितलंत का, मला माहीत नाही. बायकांची गर्दी होती आणि मी दाराशी होते. तुम्ही रडत नव्हतात. दोन्ही हात पदराखाली घेऊन बसला होतात. बायकांना वाटलं गारठा आहे. मला कळलं तुम्ही काय झाकताय. माझ्या शेजारी बयाबाई कुणाला तरी म्हणत होत्या, "दहाव्याला नदीवर बगू की. रीत हाय ती करावीच लागतीया." मला तेव्हा तिथं बोलायला पाहिजे होतं. गर्दीतून तशीच परत आले, आणि तेव्हापासून जेवण जात नाही.

म्हणून हे आधी लिहिते. बुधवारी दहावा. मी मंगळवारी संध्याकाळीच येते आणि तुमच्याजवळ झोपते. सकाळी वेदगंगेवर तुमच्या उजव्या बाजूला मी बसेन. तुमचा हात मी धरेन, पण फोडायला देण्यासाठी नाही. तुम्हाला बांगड्या ठेवायच्या असतील तर ठेवा. नको वाटत असतील तर घरी, साबण लावून, आपल्या हातानं काढा, हवं तेव्हा. दगड कोणी उचलायचा नाही. भावकी बोलेल. बोलू दे, मी पण बोलेन. वकील व्हनार काय म्हणायचात ना, त्या दिवशी होईन.

बयाबाईंना रागानं काही म्हणणार नाही. त्यांच्याही बांगड्या कुणीतरी फोडल्याच असतील. तेव्हा त्यांचं वय विशीतलं होतं, असं सासूबाई सांगायच्या.

दहावा झाल्यावर थोडे दिवस माझ्याकडे चला. इथं खोल्या रिकाम्याच आहेत. मी मोठ्यानं वाचेन, तुम्ही पडून ऐका. कंटाळा आला तर घोरा. घरात दुसऱ्या माणसाचा आवाज असला की बास.

यशराजचा काल फोन होता. पुढच्या सुट्टीत परत येतो म्हणाला. अनुजानं मधेच फोन घेतला आणि विचारलं, "आई, ते सूप कुठं ठेवलंय?" मी म्हणाले, "तसंच आहे." खरंच तसंच आहे. तांदूळ तेवढे बदलले, कीड लागत होती. तुमच्या पिशवीतला खण नीट ठेवा, कुणाला देऊन टाकू नका. दोन्ही खण तिच्या ओटीत घालू.

भीती मला वाटेल. तुम्हालाही वाटेल. ती आता जायची नाही, एवढं मला कळून चुकलंय. सूप तुम्ही धरा, कुंकू मी लावते. बोट थरथरलं तर तुम्ही माझा हात धरा.

तिची ओटी भरायला या घरात आता थोरली सवाष्ण कोणी नाही. आपण दोघी आहोत.

मंगळवारी येते. दार लोटूनच ठेवा.

तुमची
शालन